पहिला मेटल डिटेक्टर : पुरंदरच्या काळ्या मातीसाठी कोणते यंत्र घ्यावे?

सासवडवाट | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहतो आणि सासवडच्या पलीकडे आमची वडिलोपार्जित पावणेदोन एकर शेती आहे. दोन वर्षांपूर्वी वाटाण्याच्या तोडणीत आईच्या बोटातली सोन्याची अंगठी तिथे पडली. साधारण चार ग्रॅमची, बिनखड्याची, वडिलांनी पहिल्या पगारातून केलेली. तोडणीला आलेल्या बायकांनी अंधार पडेपर्यंत वेल उलटेपालटे करून पाहिले, दुसऱ्या दिवशी आम्ही चाळणीने माती चाळली, पण अंगठी मिळाली नाही. त्यानंतर दोनदा नांगरट झाली आहे. आई त्याविषयी काही बोलत नाही, मात्र त्या वाफ्यांपाशी आली की तिची नजर खाली जाते, हे मी पाहतो.

अंगठीच्या निमित्ताने मेटल डिटेक्टरविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता विषयाचीच गोडी लागली. माझी बारा वर्षांची मुलगीही यात रमेल असे वाटते. तीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. गॅरेटचे एस ३००, नोक्ताचे सिम्प्लेक्स आणि माइनलॅबचे व्हँक्विश ही नावे वारंवार दिसतात. त्याच वेळी ‘दहा मीटर खोलीवरचे सोने दाखवणारे यंत्र’ अशाही जाहिराती समोर येतात आणि गोंधळ वाढतो. नवशिक्याने निवड नेमकी कशावरून करावी, आमच्याकडच्या मातीत कोणते यंत्र चालेल आणि हा छंद आपल्याकडे कायद्याने कितपत करता येतो, या तीन गोष्टींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दीर्घलहर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.०५

तुमची अडचण नेमकी मांडली आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत काम केले आणि गेली नऊ वर्षे हा छंद करतो आहे.

आधी यंत्र काय करते ते समजून घ्या, म्हणजे निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतील. दांड्याच्या टोकाला जी चपटी थाळी असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवरा प्रवाह निर्माण होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे अगदी क्षीण क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. परत आलेली लहर मूळ लहरीपेक्षा किती मागे पडली, यावरून धातू चांगला वाहक आहे की सुमार, लोखंड आहे की अन्य काही, याचा अंदाज बांधून यंत्र पडद्यावर आकडा दाखवते. ‘सोने’ ओळखणारी वेगळी लहर कोणत्याही यंत्रात नसते. अंगठीचा आकडा तिच्या सोन्याइतकाच तिच्या आकारावर आणि वजनावर ठरतो, आणि दुर्दैवाने गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, अॅल्युमिनियमच्या डब्याची कडी आणि लहान अंगठी हे सारे जवळजवळ त्याच आकड्यांत येतात.

खोलीचेही तसेच आहे. क्षेत्र अंतरानुसार फार वेगाने क्षीण होते, आणि ते जाताना एकदा व परतताना पुन्हा एकदा क्षीण होते. त्यामुळे साध्या जमिनीत रुपयाएवढी वस्तू पंधरा-वीस सेंटिमीटरवर मिळाली तर यंत्र उत्तम चालले असे समजावे. हंड्याएवढी मोठी वस्तू अधिक खोलवर कळते, अंगठी नाही. नाण्याएवढ्या वस्तूसाठी जो मीटरमध्ये खोली सांगतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

तुम्ही लिहिलेली तिन्ही यंत्रे खऱ्या तत्त्वावर चालणारी आहेत. त्यांतून निवड मातीवर ठरेल, आणि मातीविषयी माझ्यापेक्षा काळीमाती यांनी लिहिलेले बरे.

काळीमाती | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

दीर्घलहर यांनी हाक दिली म्हणून लिहितो. मी मृदापरीक्षणाच्या कामात आहे, डिटेक्टर नंतर हाती आला.

पुण्याच्या आसपासची जमीन दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर, घडलेली आहे. या कातळात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहखनिजे विखुरलेली असतात आणि कातळ झिजून माती झाली तरी ती मातीत उरतात. खात्री करायची असेल तर लोहचुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तो ओढ्यातल्या कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची लव चिकटलेली दिसेल. ज्या यंत्राला लोखंडाचा खिळा ऐकू येतो, त्याला हे कणही ऐकू येतात, आणि अंगठीचा क्षीण आवाज त्या गलक्यात बुडतो. परदेशी चित्रफितींत हिरवळीवरून यंत्र फिरवणारी माणसे ज्या खोलीवरून नाणी काढतात, ती खोली आपल्या मुरमाड रानात मिळत नाही, त्याचे मुख्य कारण हे आहे.

म्हणून आपल्या भागासाठी पहिली अट ग्राउंड बॅलन्स ही आहे. म्हणजे या जमिनीचा आवाज कोणता हे यंत्राला शिकवून तो वजा करायला लावण्याची सोय. धातू नसलेली जागा पाहून कॉइल जमिनीलगत धरायची, वीतभर उचलायची, पुन्हा खाली आणायची आणि आवाज सपाट होईपर्यंत ही उठाठेव चालू ठेवायची. आमच्याकडे बांधाजवळ एक आणि विहिरीजवळ दुसरा, असे एकाच शेतात दोनदा बॅलन्स करावे लागते, कारण विहिरीच्या खोदाईतला मुरूम तिथे पसरलेला आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या अंगठीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. चांगल्या काळ्या रानात मे महिन्यात त्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. पृष्ठभागावरची लहान वस्तू भेगेत पडली, की पावसानंतर माती मिटते आणि वस्तू खालीच राहते. तुमची अंगठी तशी गेली असेल तर ती नांगराच्याही खाली असू शकते. मात्र पुरंदरच्या पुष्कळ जमिनी उथळ आहेत आणि फूटभरावर मुरूम लागतो. तिथे वस्तू फार खोल जाऊ शकत नाही. तुमच्या वाफ्यात मुरूम किती खाली आहे, ते एकदा पाहून सांगा.

आसावरी_तळेगाव | १३ ऑक्टोबर, दुपारी १.५०

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण नवशिक्याला पहिल्याच दिवशी इतके सांगितले तर तो घाबरेल, असे मला वाटते. मी एस ३०० वर सुरुवात केली. चालू केले, पद्धत निवडली, फिरवायला लागले. त्यात ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, आपल्याला बदलता येत नाही, हे खरे; पण पहिले सहा महिने मी फक्त ऐकायला शिकत होते आणि त्यासाठी ते यंत्र पुरेसे होते. सोबत मुलगी आहे म्हणता, तर सोपे यंत्रच तिच्या हातात टिकेल.

माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीविषयी आहे. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको असलेले धातू गाळण्याची सोय, सुरुवातीला वापरूच नका. मी लोखंड आणि चांदी-कागदाचा पट्टा बंद ठेवून अलिबागच्या कोरड्या वाळूत तासभर एका मैत्रिणीची अंगठी शोधत होते. शेवटी सगळे पट्टे उघडले आणि जिथून मी तीनदा गेले होते तिथेच ती मिळाली. पातळ अंगठी चांदी-कागदाच्या आकड्यात बसते, हे तेव्हा कळले.

आपल्या नाण्यांचेही तसेच होते. १९९२ पासूनचा एक रुपया आणि अलीकडचे दोन रुपये चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचे आहेत. त्यांचा आकडा स्थिर राहत नाही आणि पुष्कळदा लोखंडाच्या बाजूला झुकतो. परदेशी पुस्तिकेत ‘नाण्यांसाठी’ म्हणून जी पद्धत दिलेली असते, ती त्यांच्या तांब्या-निकेलच्या नाण्यांसाठी असते.

दीर्घलहर | १३ ऑक्टोबर, रात्री ८.३०

आसावरीताई, गाळणीविषयी तुम्ही लिहिले ते प्रत्येक नवशिक्याने लक्षात ठेवावे असे आहे. यंत्राविषयी मात्र माझे मत भिन्न आहे. तुम्ही कोरड्या वाळूत शिकलात, सासवडवाट बेसाल्टच्या मातीत शिकणार आहेत. जमीन सतत कुरकुरत असेल तर नवशिक्याला कोणता आवाज धातूचा आणि कोणता मातीचा हे कळत नाही. तो वैतागून सेन्सिटिव्हिटी कमी करतो, आणि मग मिळायची तीही वस्तू मिळत नाही. ग्राउंड बॅलन्स करायला शिकण्यास दहा मिनिटे लागतात. एवढ्या कष्टासाठी ते टाळू नये.

सिम्प्लेक्समध्ये ग्राउंड बॅलन्स वापरणाऱ्याच्या हाती असतो, त्याची फ्रीक्वेन्सी १२ किलोहर्ट्झ आहे आणि ते तीन मीटरपर्यंत पाण्यात चालते. व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरते आणि जमिनीचा हिशेब स्वतःच करत राहते. ओल्या खाऱ्या वाळूत एका फ्रीक्वेन्सीची यंत्रे खोटे आवाज देतात, तिथे त्याचा खरा फायदा होतो. वर्षातून चार वेळा कोकणात जाणार असाल तर त्याचा विचार करा. शेतासाठीच घ्यायचे असेल तर मी हाताने बॅलन्स करता येणारे यंत्र घेईन.

कॉइल ‘डबल डी’ प्रकारची असू द्या. तिचे क्षेत्र मधल्या पट्टीत सुरीच्या पात्यासारखे उभे उतरते, त्यामुळे एका वेळी ती कमी माती पाहते आणि खनिजांचा गलका कमी होतो.

पैशांचा हिशेब करताना सगळी रक्कम यंत्रावर घालवू नका. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालायची टॉर्चएवढी कांडी, घ्याच. काळ्या मातीच्या ढेकळात अंगठी ढेकळासारखीच दिसते. पिनपॉइंटरशिवाय तुम्ही हातातले ढेकूळ बाजूला टाकून खड्डा खणत राहाल. मॉलच्या दारावर असते तसले सुरक्षेचे दांडके स्वस्त मिळते, पण ते या कामाचे नाही.

ॲड_पर्वतीपायथा | १४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

यंत्रावर उत्तम चर्चा झाली आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कायद्याकडे, कोणी वळले नाही म्हणून सविस्तर लिहितो, कारण इथे अज्ञानाने सज्जन माणसेही अडचणीत येतात.

यंत्र बाळगणे आणि स्वतःच्या शेतात स्वतःची हरवलेली अंगठी शोधणे यात काही गैर नाही. ती अंगठी तुमच्या आईचीच आहे. प्रश्न उभा राहतो तो न शोधता सापडणाऱ्या वस्तूंचा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. त्यात ‘निधी’ म्हणजे जमिनीत लपवलेली कोणतीही मूल्यवान वस्तू, आणि तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते : काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तारण द्यावे लागते. मग जाहीर सूचना निघते, हक्क सांगणाऱ्यांचे ऐकले जाते. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जमीन आपल्या नावावर आहे म्हणून खालचे सगळे आपले, ही समजूत चुकीची आहे.

दुसरा भाग संरक्षित जागांचा. शनिवारवाडा, पाताळेश्वर, कार्ले-भाजे लेणी, शिवनेरी, लोहगड या केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. इतर अनेक किल्ले राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहेत आणि त्यांच्या उतारांवर वनविभागाची हद्द आहे. संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही, मग खड्डा वीतभर का असेना. माझा सल्ला असा, की कोणत्याही गडावर, लेण्यापाशी किंवा जुन्या देवळाच्या आवारात यंत्र गाडीतूनही बाहेर काढू नये. आपला हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावे लागते.

लष्करी हद्दीचेही तेच. खडकी, दिघी या बाजूला मैदान मोकळे दिसले तरी ते मोकळे नसते. आणि कुठेही तोफगोळ्यासारखी किंवा काडतुसासारखी वस्तू दिसली तर हात न लावता मागे सरून पोलिसांना कळवावे. मुलीला हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

मुठेकाठी | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.००

मध्येच विचारतो, क्षमस्व. नदीपात्रात किंवा खडकीच्या लढाईच्या परिसरात फिरवून पाहण्यास काय हरकत आहे? १८१७ च्या लढाईतल्या शिशाच्या गोळ्या अजून मातीत असतील, आणि त्या तिथे गंजून जाण्यापेक्षा कोणाच्या संग्रहात राहिलेल्या बऱ्या, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जुनी_नाणी | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून तेवढ्याच मनापासून उत्तर देतो. मी चाळीस वर्षे नाणी अभ्यासतो आहे. माझ्या संग्रहात सत्तरेक शिवराई आहेत आणि त्यांतल्या साठ मुक्या आहेत. त्या कोणत्या गावात, किती खोल, कशासोबत मिळाल्या हे विकणाऱ्याने सांगितले नाही, कारण त्यालाही ठाऊक नव्हते. शिवराईचे चलन छत्रपतींच्या काळापासून पेशवाईपर्यंत आणि त्यानंतरही चालत राहिले. तेव्हा एखाद्या वाड्याच्या पायाखालच्या थरात मिळालेली शिवराई त्या थराचा काळ ठरवायला मदत करते, तर पिशवीतून आलेली शिवराई केवळ तांब्याचा तुकडा उरते.

खडकीच्या गोळ्यांचेही हेच आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी कोणती फळी कुठे उभी होती, हे गोळ्या कोणत्या ओळीत पडल्या आहेत यावरून कळू शकते. एकेक गोळी उचलून खिशात घातली की ती ओळ पुसली गेली. शिवाय शिसे मातीत लोखंडासारखे गंजून नाहीसे होत नाही, त्यावर पांढरट थर चढतो आणि तोच त्याला जपतो. त्यामुळे घाई करण्याचे कारणही नाही.

आणि ‘साधे शेत’ ही कल्पनाही जपून वापरावी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले आणि तिथे तीन हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. शेतात रंगवलेली खापरे, शंखाचे तुकडे, राखेचा थर दिसला तर यंत्र बंद करावे, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि डेक्कन कॉलेजला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. या छंदातून अभ्यासाला हातभार लागू शकतो, तो असाच.

मुठेकाठी | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

गोळ्यांच्या ओळीचा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. खडकीचा विचार सोडून दिला आहे. सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे.

मावळतीर | १६ ऑक्टोबर, रात्री ९.२५

मूळ प्रश्नात ‘दहा मीटर’च्या जाहिरातीचा उल्लेख आहे, त्याविषयी आमच्या घरात घडलेले सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या मामांना एका माणसाने ‘लांब पल्ल्याचे सुवर्णशोधक यंत्र’ विकले. मुठीत धरायची दांडी, तिच्यावर सहज फिरणारी पितळी सळई, दिवे लागणारी डबी. सळई मामांच्या जुन्या गोठ्याकडे वळली. मामांनी गोठा खणला, भिंत कलली, मग यंत्रासोबत ‘विधी’ही हवा असे सांगून त्या माणसाने आणखी पैसे नेले. एकूण सव्वादोन लाख गेले आणि गोठा पुन्हा बांधायचा खर्च वेगळा.

मी ती डबी उघडून पाहिली. आत बॅटरी, दोन दिवे आणि एक लहान सर्किट होते, ते कोणत्याही वेटोळ्याला जोडलेले नव्हते. मनगट केसभर कलले तरी सळई वळते आणि धरणाऱ्याला आपण काही केले असे वाटतही नाही. मामांनी लबाडी केली नव्हती, त्यांच्या हाताने त्यांच्या मनातली जागा दाखवली. गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे. आम्ही तक्रार करायला उशीर केला, तुम्ही करू नका. ज्या यंत्राला जमिनीलगत फिरवायची कॉइल नाही, ते मेटल डिटेक्टर नव्हे, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

सासवडवाट | २ नोव्हेंबर, रात्री ८.१०

उशिरा लिहितो आहे, पण रिकाम्या हाताने लिहायचे नव्हते.

काळीमाती यांच्या सांगण्यावरून वाफ्याच्या कडेला पहारीने पाहिले. मुरूम तीस सेंटिमीटरवर लागला. त्यामुळे आशा वाढली. एका स्नेह्यांकडून ग्राउंड बॅलन्स न बदलता येणारे एक जुने यंत्र आणि दीर्घलहर यांच्याकडून त्यांचे सिम्प्लेक्स, अशी दोन यंत्रे एका दिवसासाठी मागून घेतली. पत्नीने तिची साडेतीन ग्रॅमची अंगठी दिली. तिला लाल नायलॉनचा दोरा बांधून, दोऱ्याचे टोक वर ठेवून, आम्ही ती ५, १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर पुरून पाहिली. मोजपट्टी मुलीच्या हाती होती आणि नोंदी तिनेच ठेवल्या.

पाच सेंटिमीटरवर दोन्ही यंत्रांनी स्वच्छ आवाज दिला. दहावर जुने यंत्र कधी बोलले, कधी नाही. बॅलन्स केलेल्या यंत्राने दहावर दोन्ही दिशांनी तोच आवाज दिला. पंधरावर उत्तर-दक्षिण फिरवल्यावर अस्पष्ट आणि पूर्व-पश्चिम काहीच नाही. वीसवर पूर्ण शांतता. हवेत धरलेली तीच अंगठी वीतभरावरून कळत होती. म्हणजे आमची माती किती आवाज गिळते, ते डोळ्यांनी पाहिले. शेजाऱ्यांचा पंप सुरू झाला की यंत्र तडतडायचे, तो बंद होताच शांत व्हायचे, हीही नवी माहिती मिळाली.

या चाचणीनंतर सिम्प्लेक्स आणि एक पिनपॉइंटर घेतला. दोन रविवारांत संशयित तीन गुंठ्यांपैकी एक गुंठा शोधून झाला. मीटरभर रुंदीचे पट्टे सुतळीने आखले आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवली. नुसते फिरवायला गुंठ्याला अर्धा तास लागतो, खणण्यासह चार तास गेले. हाती आले ते असे : बैलाच्या नालाचा एक तुकडा आणि नालाचेच असावेत असे अकरा खिळे, विळ्याचे टोक, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी सात ठिकाणी, कातरलेल्या कडांचे अॅल्युमिनियमचे दहा पैसे, आणि नऊ सेंटिमीटरवर एक भोकाचा पैसा, १९४४ चा. अंगठी अजून नाही.

भोकाचा पैसा आईच्या हातावर ठेवला. तिने तो लगेच ओळखला. माझी आजी असे पैसे काळ्या दोऱ्यात ओवून उतरंडीच्या मडक्यात ठेवायची, असे ती म्हणाली, आणि मग बराच वेळ ती आजीविषयी बोलत राहिली. मी नाणे धुतलेले नाही, जागेची नोंद केली आहे. याबाबत कायद्याने मला काही करावे लागेल का?

ॲड_पर्वतीपायथा | २ नोव्हेंबर, रात्री ९.३५

सुट्टे पडलेले चलनी नाणे आणि लपवून ठेवलेला निधी यांत फरक आहे, आणि १९४४ च्या नाण्याला अजून शंभर वर्षे झालेली नसल्याने १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही ते बसत नाही. घरात ठेवा. तिथेच आणखी नाणी एकत्र, मडक्यात किंवा डब्यात, लागू लागली तर मात्र हात थांबवा, जागा जशीच्या तशी ठेवा आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

जुनी_नाणी | २ नोव्हेंबर, रात्री १०.०५

न धुतल्याबद्दल मनःपूर्वक आभार. लिंबू, चिंच, राख, काहीही लावू नका. काशाच्या नाण्यावरचा हिरवट तपकिरी थर हाच त्याचा कवच असतो. माती वाळली की मऊ ब्रशने झटका, कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, गट क्रमांक व खोली लिहा. हे नाणे १९४३ ते १९४७ एवढ्याच काळात निघाले, तेव्हा युद्धामुळे धातूची टंचाई होती.

आसावरी_तळेगाव | ३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

तुमच्या चाचणीचे आकडे वाचून माझे मत बदलले आहे. आपल्या मातीत सोप्या यंत्रापेक्षा बॅलन्स करता येणारे यंत्र बरे, हे मान्य. मुलीने ठेवलेली वही जपा. पुढच्या शेतात तीच वही यंत्राइतकी उपयोगी पडेल. एक सुचवते : हेडफोन लावा. पंधरा सेंटिमीटरवरचा जो अस्पष्ट आवाज तुम्ही लिहिला आहे, तो उघड्या स्पीकरवर वाऱ्यात हरवतो.

सासवडवाट | ३ नोव्हेंबर, रात्री ९.००

हेडफोन आजच मागवला. डिसेंबरात त्या वाफ्यांत कांद्याची लागण होईल, तोवर उरलेले दोन गुंठे पूर्ण करायचे आहेत. पंधरा सेंटिमीटरच्या खाली आवाज पोचत नाही, तर वरची दहा सेंटिमीटर माती फावड्याने बाजूला ओढून उघडी पडलेली जमीन पुन्हा तपासावी का? कष्ट करण्याची तयारी आहे.

दीर्घलहर | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

करावे, पण उलट क्रमाने. आधी दोन्ही गुंठे जसे आहेत तसे शोधून संपवा आणि लोखंडाचा तुकडा न् तुकडा काढून टाका, कारण खिळ्याशेजारी पडलेली अंगठी खिळ्याच्या आवाजाखाली झाकली जाते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल असेच एक यंत्र घेऊन गेले होते, तेव्हा गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यांना चकवले असे सांगतात. लोखंड निघाले की मग पट्ट्यापट्ट्याने वरची माती ओढा, पण ओढलेली माती ताडपत्रीवर पसरून तीही तपासा. अंगठी ओढलेल्या मातीत गेली तर पुन्हा शोध सुरू.

येत्या रविवारी मी सकाळी साडेसहाला तुमच्याकडे पोचतो, माझी लहान कॉइल सोबत आणतो. खिळ्यांच्या गर्दीत ती बरी पडते. शेजाऱ्यांना सांगून नऊपर्यंत पंप बंद ठेवता आला तर पाहा.